विसरवाडीकडील शुश्रूषा-शिक्षणाचीं साधनें

नवापूर तालुक्यांतील विसरवाडी हें सुरत-धुळें हमरस्त्यावरील गांव पूर्वीं धुळें जिल्ह्यांत मोडे. १ जुलै १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. या टापूंत मावची बोली चालते. आमच्या विषयाशीं या गोष्टीचा निकट संबंध आहे.

शुश्रूषेचें शिक्षण आपल्या स्त्रियांकडे दोन वाटांनीं आलें. पहिली शहराची. १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुणें सेवासदनानें, रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें, स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण मिळवून दिलें. दुसरी खेड्याची. १९७० पासून जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं अल्पशिक्षित, प्रसंगीं निरक्षर, ग्रामस्त्रियांस आरोग्यसेविका केलें. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतील 'आशा' ही याच वाटेची: हजार लोकवस्तीस एक, आदिवासी भागांत वस्तीगणिक एक नेमण्याची सवलत, मूळ योजनेंत आरंभींचें शिक्षण २३ दिवसांचें होतें, आणि वेतनाऐवजीं कामागणिक मोबदला ठरला होता.

संस्थांचे अहवाल छापले जातात, म्हणून ते संशोधकाच्या हातीं लागतात. सेविकेचा पुरावा मात्र तिच्या नोंदवहींत, आणि त्याहून अधिक तिच्या मुखीं असतो. मराठी पुस्तकांतील सूचना ती बाळंतिणीस मावचींत कोणत्या शब्दांनीं सांगते, हें त्या पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं.

सनदा व बखरी जपणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुन्या शिक्षण-पुस्तिका व वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं, रुग्णांचीं नांवें झांकून, त्यांच्या नकला कराव्या, आणि सेविकांचे शब्द त्यांच्याच तोंडून टिपून घ्यावे. कागद मागाहूनहि सांपडतो; बोललेला शब्द सांपडत नाहीं.