चलांची स्मृती : ‘ओन’पासून ‘प्री’पर्यंत

गणितातील चल आणि संगणकाच्या आज्ञावलीतील चल यांचे नाव एकच असले तरी त्यांची प्रकृती भिन्न आहे. गणितातील चल एका विधानात एकच अर्थ धारण करते. आज्ञावलीतील चल हे मात्र बहुधा एका स्मृतिस्थानाचे नाव असते. तेथे नवे मूल्य लिहिले की जुने पुसले जाते. मग पूर्वमूल्य स्मरणात ठेवणारे चल ही कल्पना संगणकभाषांत कशी आली, आणि तिला अर्थनिश्चिती कशी लाभली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जानेवारी १९६० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या बैठकीतून सिद्ध झालेल्या अल्गोल ६० या भाषेचा अहवाल पीटर नाउर यांनी संपादिला. या भाषेत एखाद्या खंडात घोषित केलेले चल त्या खंडापुरतेच जगे. घोषणेपूर्वी ‘ओन’ हा शब्द योजला असता मात्र खंडात पुन्हा प्रवेश करताना मागील निर्गमनाच्या वेळचे मूल्य जसेच्या तसे हाती येई. यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या कार्यपद्धतीस अशा स्मृतीची गरज असते. कारण तीत मागील संख्येवरून पुढील संख्या काढावयाची असते, आणि ती मागील संख्या इतरांच्या हाती लागू द्यावयाची नसते.

ही योजना साधी वाटली तरी तीतून दोन प्रश्न उपस्थित झाले. पहिल्याच प्रवेशाच्या वेळी मूल्य कोणते? अहवाल याविषयी मौन बाळगतो. परिणामी आरंभीची वेळ बाहेरून सुचवावी लागे, आणि स्मृती खाजगी ठेवण्याचा हेतूच विफल होई. दुसरे असे की, एखादी कार्यपद्धती स्वतःलाच पाचारण करीत असेल, तर प्रत्येक पाचारणाची स्मृती स्वतंत्र मानावयाची की सर्वांची सामाईक? डोनाल्ड कनूथ यांनी १९६७ साली अल्गोलमधील उरलेल्या अडचणींची जी चर्चा केली, तीत ‘ओन’चाही समावेश होता. १९७६ च्या सुधारित अहवालाने आरंभमूल्य शून्य किंवा असत्य असे ठरवून पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. सी भाषेने आपल्या ‘स्टॅटिक’ चलांसाठी दोन्ही गोष्टी निश्चित केल्या. तथापि चल हे अखेर स्थानच राहिले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास यातील उणीव परिचित वाटेल. ‘तो गेला होता’ एवढेच कोणी म्हटले, तर श्रोता ‘केव्हा?’ असे विचारतो. ‘मी पोहोचलो तेव्हा’ हे शब्द जोडले की अर्थ पुरा होतो. हान्स रायखेनबाख यांनी १९४७ साली घटनाकाळ आणि उक्तिकाळ यांच्या जोडीस संदर्भकाळ मानला, तो याचसाठी. ‘ओन’मध्ये भूतकाळ होता, परंतु मागील म्हणजे कोणत्या क्रमातील मागील, हे सांगणारा संदर्भ नव्हता.

हा संदर्भ एडवर्ड ॲशक्रॉफ्ट आणि विल्यम वॅज यांच्या ल्युसिड भाषेत दिसतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मांडणीत चल म्हणजे स्थान नव्हे, तर मूल्यांचा अनंत क्रम होय. अशा क्रमात जुने मूल्य पुसले जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि आज्ञावलीच्या अचूकतेची सिद्धता गणिती रीतीने देता येते. पुढे १९८० नंतरच्या दशकात ग्रेनोबल येथे पॉल कास्पी व निकोलस हाल्ब्वाक्स यांनी लुस्त्र ही भाषा घडविली. तिच्यातील ‘प्री’ म्हणजे सामाईक घड्याळाच्या मागील ठोक्यावरील मूल्य. पहिल्या ठोक्यावर ‘प्री’ला अर्थ नसतो, म्हणून आरंभमूल्य बाणचिन्हाने वेगळे सांगावे लागते. गणकाची व्याख्या ‘आरंभी ०, त्यानंतर स्वतःचे मागील मूल्य अधिक १’ अशी होते. आरंभमूल्य राहून गेल्यास ते आज्ञावली चालविण्यापूर्वीच तपासून दाखविता येते.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. लुस्त्रवर आधारलेल्या स्केड या साधनाचा उपयोग एअरबस विमानांच्या उड्डाणनियंत्रणात झाला आहे. तेथे ‘मागील मूल्य’ या शब्दांचे दोन अर्थ होऊन चालत नाही. स्मृती केवळ साठवून भागत नाही. ती कोणाची आणि केव्हापासूनची, हे व्याकरणानेच सांगावे लागते, असा या इतिहासाचा निष्कर्ष होय.