पावसाआधीची माती

कोल्हापूरकराला पूर कळतो तो फुटांत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ ला धोका. सांगलीला आयर्विन पुलाशी हेच आकडे ४० आणि ४५. पण पाणी तिथवर चढेपर्यंत अंदाजाची वेळ बरीचशी निघून गेलेली असते. पडत्या पावसातले किती पाणी माती धरून ठेवील आणि किती ओढ्यात सोडून देईल, हे आधीच ठरवावे लागते. पुढची प्रकरणे या एका प्रश्नाभोवती आहेत.

प्रश्न किती मोठा आहे, ते जलशास्त्रातल्या जुन्या ‘कर्व्ह नंबर’ (जमीन किती पाणी वाहू देते याचा आकडा) पद्धतीने मांडून पाहा. कर्व्ह नंबर ७५ असलेल्या जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला. माती कोरडी असेल तर सुमारे १५ मिलिमीटर पाणी वाहून जाते, मध्यम ओलीत ४१, आणि आधीच भिजलेली असेल तर ६८. पाऊस तोच! गंमत अशी, की मातीची ही स्थिती ठरवायला हिशेबनीस मागच्या पाच दिवसांचा पाऊस तेवढा बघत. माती कोणी पाहतच नव्हते.

आता ती आकाशातून पाहता येते. डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप) कोरड्या मातीचा ४ च्या आसपास, पाण्याचा ८० च्या; त्यामुळे सूक्ष्मलहरींना ओली जमीन वेगळी ओळखू येते, आणि तीही ढगांआडून. युरोपचा ‘स्मॉस’ उपग्रह २००९ साली आणि नासाचा ‘स्मॅप’ २०१५ साली याच कामासाठी वर गेला. इटलीचे जलशास्त्रज्ञ लुका ब्रोका यांनी तर गणित उलटे फिरवले आणि मातीच्या वाढत्या ओलीवरून पाऊस मोजला.

एवढ्यावर हुरळून जाऊ नये. उपग्रहाला दिसतो तो मातीचा वरचा पाचेक सेंटिमीटरचा थर. मुळांशी काय आहे ते प्रतिमानाने काढायचे. स्मॅपचा मूळ चौकोन ३६ किलोमीटरचा, म्हणजे सगळ्या पंचगंगा खोऱ्याचे क्षेत्रफळ साधारण अशा दोन चौकोनांएवढे. गगनबावड्याचा धो धो पाऊस आणि त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाचे शिरोळ एकाच खोऱ्यात असताना एवढ्या मोठ्या चौकोनाची सरासरी कोणाच्या कामाची? ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला ‘निसार’ उपग्रह बारीक तपशील देतो, पण तीच जागा तशीच पुन्हा पाहायला त्याला १२ दिवस लागतात. पूर तेवढा थांबत नाही. घाटातली दाट झाडी आणि उतार संकेत गढूळ करतात, ते वेगळेच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ऑगस्टमध्ये सह्याद्रीची माती आधीच तुडुंब असते. तिथे ही माहिती फारसे नवे सांगत नाही, तिथे धरणातला विसर्ग बोलतो. तिचा खरा उपयोग जूनच्या पहिल्या पावसांत, मोठ्या उघडिपीनंतर आणि पूर्वेकडच्या काळ्या रानात. तिथे भेगाळलेली जमीन पहिले पाणी गटागटा पिते आणि एकदा फुगून मिटली की जवळजवळ काहीच आत घेत नाही. नेमका हा पालट पर्जन्यमापकाला दिसत नाही.

प्रतिमाने, त्रुटींचे गणित, उपग्रहाची नोंद आणि प्रतिमानाचा अंदाज यांना किती किती वजन द्यायचे, हे सारे पुढे येईलच. त्याला बिचकू नका. मात्र संगणक उघडण्याआधी एकदा शिवारात जा, मूठभर माती आणून तोला, भट्टीत १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास वाळवा आणि पुन्हा तोला. उपग्रहाचा प्रत्येक आकडा शेवटी याच वजनाशी ताडून पाहायचा आहे.