गेल कुटुंबाश्रय
बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतातील गेल गावी मनोविकारग्रस्तांना सामान्य कुटुंबांत ठेवून सांभाळण्याची परंपरा.

मनोरुग्णांची संरक्षक मानलेल्या सेंट डिंफना हिच्या स्थानी तेराव्या शतकापासून यात्रेकरू येऊ लागले. चर्चजवळची जागा अपुरी पडल्यावर गावकऱ्यांनी त्यांना घरी ठेवून घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही व्यवस्था शासनाच्या वैद्यकीय देखरेखीखाली आली (पहा : मनोरुग्णालय).

आश्रिताला रुग्ण न म्हणता ‘बोर्डर’ म्हणतात. तो घरच्यांच्या पंगतीला जेवतो, जमेल तसे भाजी निवडणे, जनावरांना चारा घालणे, मुले सांभाळणे अशी कामे करतो. कामाची सक्ती नसते. यजमानांना भत्ता मिळतो, पण निदान बहुधा सांगितले जात नाही. उपचार व गृहभेटी स्थानिक मनोरुग्णालयाकडे असतात. यजमान दांपत्य वृद्ध झाल्यावर पुष्कळदा त्यांची मुलेच आश्रिताला आपल्याकडे नेतात. दीर्घकालीन मनोविकारात हे सातत्य विशेष मोलाचे (पहा : छिन्नमानसिकता).

१९३८ च्या सुमारास आश्रितांची संख्या ३,७०० वर होती. शेतीवर जगणारी कुटुंबे कमी झाल्यावर ती बरीच घटली. समाजाधारित मानसोपचाराच्या चर्चेत गेलचा दाखला आजही दिला जातो (पहा : मनोसामाजिक पुनर्वसन). २०२३ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या उत्तम जतन-उपक्रमांत त्याची नोंद केली.