वणवा विझवायचा कोणी? कुमाऊंमधला एक जुना प्रश्न

भारतीय वन अधिनियम, १९२७ मधले कलम ७९ सहसा कोणी वाचत नाही. चराई, लाकूडतोड, जप्ती यांची कलमे न्यायालयांत सतत निघतात. हे मात्र कायद्याच्या शेवटी ‘संकीर्ण’ प्रकरणात पडून आहे. राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्याला काही हक्क आहे, ज्याला तिथे गुरे चारण्याची किंवा लाकूडफाटा नेण्याची परवानगी आहे, लगतच्या गावात जो सरकारी चाकरीत आहे, अशा प्रत्येकाने वणव्याची खबर द्यावी आणि तो विझवण्यासाठी हातभार लावावा, असे ते सांगते. कसूर केल्यास एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मजुरीचा उल्लेख नाही.

वणव्यांच्या नोंदींत जळालेले क्षेत्र आणि बुडालेला महसूल मिळतो. विझवणारा माणूस शोधावा लागतो. कुमाऊंबद्दल जे वाचत गेलो ते या माणसाच्या शोधात.

वणवा हा शत्रू आहे आणि तो जंगलातून हद्दपार करता येतो, ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. डीट्रिख ब्रँडिस १८६४ साली भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्याच दशकात कर्नल पिअर्सन यांनी मध्य प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात जाळरेषा काढून आग रोखून दाखवली. त्याआधी हे शक्य आहे असे मानणारे अधिकारी थोडेच होते. बोरीनंतर अग्निसंरक्षण हे वनखात्याचे ब्रीदच बनले. (पुढे सालाच्या आणि ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत आग पूर्ण थांबवली की नवी रोपे नीट येत नाहीत, हे खात्यातल्याच मंडळींच्या ध्यानात आले, पण ब्रीद एकदा कोरले की पुसणे अवघड.)

कुमाऊंमध्ये या ब्रीदाची गाठ चीडच्या झाडाशी पडली. चीडची सुकलेली पाने, तिथल्या बोलीत पिरूल, उन्हाळ्यात जमिनीवर जाड थर धरतात. पिरूल घसरडा, आणि त्याच्याखाली गवत उगवत नाही. म्हणून डोंगरी शेतकरी तो जाळत असे. पावसानंतर गुरांना कोवळे गवत मिळे. वनखात्याला चीड हवा होता लाकडासाठी आणि राळेसाठी. राळ काढायला खोडावर खाच घेतात, आणि अशा खाचेला आग चटकन धरते. एकाच झाडाखाली दोन हिशेब होते.

१८९३ साली मोजणीबाहेरची सगळी पडीक जमीन संरक्षित जंगल ठरली. १९११ ते १९१७ च्या बंदोबस्तात त्यातला फार मोठा भाग राखीव झाला. चराईवर, फांद्या तोडण्यावर, आग लावण्यावर निर्बंध आले. आणि आग विझवण्याचे काम? ते गावकऱ्यांच्याच अंगावर. साहेबांचे सामान वाहण्याची वेठ, जिला तिथे कुली-उतार आणि कुली-बेगार म्हणत, ती आधीपासून होतीच. तिच्या शेजारी ही दुसरी वेठ येऊन बसली. ज्या जंगलावरचा हक्क काढून घेतला, त्याच जंगलासाठी उन्हाळ्यात डोंगर चढायचा.

जानेवारी १९२१ मध्ये उत्तरायणीच्या जत्रेत बागेश्वरला लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत फेकल्या. बद्रीदत्त पांडे त्या आंदोलनाचे नेते होते. वह्या बुडाल्या आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊंची जंगले पेटली. त्यातल्या बऱ्याच आगी जाणूनबुजून लावलेल्या होत्या. रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वुड्स’ या पुस्तकात एक गोष्ट दाखवली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते : आगी लागल्या त्या चीडच्या, म्हणजे सरकारी कमाईच्या जंगलांत. बांज वगैरे रुंद पानांची झाडे, ज्यांच्यावर गावाचा चारा आणि पाणी अवलंबून होते, त्या जंगलांना झळ लागल्याचा पुरावा नाही. पेटवणाऱ्यांना आपण काय जाळतो आहोत हे नेमके ठाऊक होते. आणि विझवायला माणसे मिळेनाशी झाली, हा बंडाचा दुसरा अर्धा भाग. त्याच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे.

सरकारने त्याच वर्षी तक्रार समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर व्यापारी दृष्टीने कमी मोलाची जंगले वेगळी काढून त्यांवरचे निर्बंध सैल झाले. १९३१ साली वनपंचायतींचे नियम आले. आज उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. ज्या पंचायतीला जंगल आपले वाटते तिथे धूर दिसताच माणसे निघतात, हे डोंगरात काम करणारे अनेक जण सांगतात. पण निघायला गावात माणसे तर हवीत. २००१ ते २०११ या दशकात अल्मोडा आणि पौडी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली.

प्रत्यक्ष कामात शंभर वर्षांत फारसा फरक पडलेला नाही. हिरव्या फांद्यांचा जुडगा घेऊन ज्वाळा झोडपायच्या. दाताळ्याने पिरूल ओढून मातीचा पट्टा उघडा करायचा. वारा अनुकूल असेल तर समोरून उलटी आग लावायची. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते, म्हणून तिच्या वर उभे राहायचे नाही. खाली उभे राहावे तर चीडची पेटती बोंडे उतारावरून गडगडत येतात आणि पाठीमागे नवी आग लावतात. पाणी जवळपास नसतेच. २०१६ मध्ये वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनी भीमतालमधून पाणी उचलले, २०२४ मध्ये पुन्हा उचलले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे त्याचीच आली.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. तेवढ्यापुरते फायर वॉचर रोजंदारीवर घेतात. हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ कमी पडले की पिरूल लवकर वाळतो, आणि हंगाम सरकारी तारखांची वाट पाहत नाही. २०२४ चा हंगाम ऐन भरात असताना वन कर्मचारी लोकसभा निवडणुकीच्या कामाला जुंपल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला फटकारले. त्यानंतर महिना उलटायच्या आत, १३ जून रोजी, अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात गाडीतून आग विझवायला गेलेल्या आठ जणांना ज्वाळांनी घेरले. चार जण जागीच गेले : एक बीट अधिकारी, एक फायर वॉचर, प्रांतीय रक्षक दलाचा एक जवान आणि एक रोजंदार मजूर. चौघे होरपळले.

मृतांमध्ये खात्याचा कायम नोकर एकच दिसतो. बाकीचे तिघे त्याच परंपरेतले, जी कलम ७९ मध्ये लिहून ठेवली आहे. फरक इतकाच की आता रोज मिळतो.

बिनसरच्या महिनाभर आधी, त्याच मे महिन्यात, राज्य सरकारने गावकऱ्यांकडून पिरूल किलोला पन्नास रुपयांनी विकत घ्यायचे जाहीर केले होते. विझवण्यासाठी दंडाचा धाक घालणाऱ्या सरकारने, पेटण्याआधी जंगल साफ करणाऱ्याला वजनावर पैसे देऊ केले. कुमाऊंच्या इतिहासात हा व्यवहार नवा आहे.