सर्कशीतून सडकेवर

विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस उभी केली आणि अंगाचा तोल ही तिकीट काढून पाहण्याची गोष्ट झाली. सर्कशीतली एकचाकी सायकल तर बहुधा विदूषकाच्याच वाट्याची. तिच्यावर बसून परगावी जावे, हे कोणाच्या मनात येणार?

लांबच्या प्रवासाची हिंमत आपल्याकडे होतीच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून निघालेल्या तुकडीतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण साध्या सायकलींवर जग फिरून मार्च १९२८ मध्ये परतले. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर! एकचाकीवरून असे धाडस पुढे अर्ध्या शतकाने झाले. कॅनडाचे वॉली वॉट्स यांनी १९७६ ते १९७८ या काळात सुमारे १९,३०० किलोमीटर अंतर कापले. नंतरच्या दशकात अलास्कातील जॉर्ज पेक यांनी तिला डोंगरवाटांवर नेले. ही सारी कर्ती माणसे होती.

साध्या एकचाकीला साखळी नसते. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक छत्तीस इंची असले तरी किलोमीटरला सुमारे ३५० फेरे होतात, आणि उतारावरही पायांना विसावा नाही. मुरबे गावच्या किनाऱ्यावर भिजलेल्या वाळूतून ती चालेल; कोरड्या वाळूत स्वार पडेल. मूल पडले की उठते. प्रौढाला मात्र दुखण्यापेक्षा हसे होण्याचे भय अधिक. ते ज्यांनी टाकले, त्यांनाच तंबूबाहेरचा रस्ता सापडला, असे आम्हांस वाटते.