माँतेनचा बुरूज

मिशेल द माँतेन हे नाव मराठी वाचकाला लघुनिबंधाचा जनक म्हणून परिचित असते. परंतु ते मुळात एका गढीचे नाव आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. घराण्याचे आडनाव एकेम. बोर्दो शहरात खारवलेले मासे आणि मद्य यांचा व्यापार करणाऱ्या रामों एकेमने १४७७ साली दोर्दोन्य परगण्यातील ही जहागीर खरेदी केली. शतवार्षिक युद्धाची अखेर करणारी १४५३ ची लढाई जवळच्याच कास्तियों येथे झाली होती. व्यापाऱ्याच्या पणतूने पुढे एकेम हे नाव टाकून दिले आणि गढीचे नाव तेवढे ठेवले. कुलीनतेला पैशाचा वास येऊ नये, ही दक्षता या स्पष्टवक्त्या लेखकानेही घेतली होती!

१५७१ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, न्यायाधीशपद सोडून माँतेन येथे परतला आणि त्याने प्रवेशद्वारापाशी असलेला वाटोळा बुरूज आपल्यासाठी निवडला. तळाशी लहानसे प्रार्थनागृह, त्यावर शयनगृह आणि सर्वांत वर ग्रंथालय, अशी त्याची रचना आहे. भिंतीतील पोकळीमधून खालची प्रार्थना शयनगृहातच ऐकू येई. धर्माचरण आणि आळस यांचा असा मेळ वास्तुशास्त्रात विरळाच. ग्रंथालयाची जागा पूर्वी वस्त्रकोठीची, घरातील सर्वांत निरुपयोगी. माँतेनने तेथे भिंतीच्या गोलाईने पाच थरांची फडताळे बसविली. त्यांवर सुमारे हजार ग्रंथ होते. मधोमध बसले की सगळा संग्रह एका दृष्टिक्षेपात येई, आणि खिडक्यांतून बाग, अंगण आणि घरातील चाकरांची ये-जा दिसे. लगतच्या छोट्या खोलीत हिवाळ्यासाठी शेकोटी होती. दोन्ही अंगांना शंभर पावले लांबीची ओसरी बांधावी, असेही त्याच्या मनात होते. खर्चापेक्षा बांधकामाच्या कटकटीला तो अधिक भ्याला.

छताच्या तुळयांवर आणि वाशांवर त्याने साठांहून अधिक ग्रीक व लॅटिन वचने रंगवून घेतली. मानवी ज्ञानाच्या मर्यादा सांगणारी वचने त्यांत बरीच आहेत. काही ठिकाणी जुने वचन पुसून त्यावर दुसरे लिहिल्याच्या खुणा आढळतात. ‘एसे’च्या पानांवरही तो अशीच भर घालीत राहिला.

१५६२ पासून फ्रान्स धर्मयुद्धांत होरपळत होता. शेजारची घरे पहारे वाढवीत असता माँतेनने दारावर एका वृद्ध द्वारपालाखेरीज कोणी ठेवले नाही. बंदोबस्तच हल्ल्याला आमंत्रण देतो, असा त्याचा तर्क होता. १५८४ साली नाव्हारचा राजा आँरी येथे मुक्कामास आला व यजमानाच्याच शय्येवर निजला. शस्त्राने न मोडलेल्या या घरातून १५८६ मध्ये प्लेगने मात्र माँतेनला सहा महिने परागंदा केले.

१५९२ मध्ये त्याचे येथेच निधन झाले. १८८५ च्या आगीत मुख्य वाडा जळाला. पुढील मालकांनी तो प्रबोधनकालीन शैलीची नक्कल करीत नव्याने उभारला. ही इमारत डौलदार असली तरी तीत माँतेन नाही. बुरूज आगीतून वाचला. त्याच्या दगडी पायऱ्या झिजल्या आहेत, तुळयांवरील अक्षरे अजून वाचता येतात. फडताळे मात्र गेली. मृत्यूनंतर ग्रंथ विखुरले आणि त्यांपैकी जेमतेम शंभर, बहुतांशी त्याच्या स्वाक्षरीवरून, ओळखता आले आहेत.