टाके लहान, पण झडप टिकली का?

जठरातले आम्ल अन्ननलिकेत उलटू नये म्हणून दोहोंच्या सांध्यापाशी स्नायूंची पकड असते. काही मुलांत ती ढिली राहते. औषधांनी भागले नाही, तर जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवतात. ही युक्ती रुडॉल्फ निसेन यांची. १९३६ साली इस्तंबूलमध्ये, एका रुग्णाच्या अन्ननलिकेचे टाके सुरक्षित राहावेत एवढ्यासाठीच त्यांनी अशी घडी घातली होती. पुढे कळले, त्याची जळजळही थांबली! मग १९५५ साली बाझेलला त्यांनी तेच मुद्दाम केले.

१९९१ पासून हे दुर्बिणीतून होऊ लागले. पोट उघडायला नको, चार-पाच भोके पुरतात. हेच चांगले, असे आपल्याला सहज वाटते. पण कशावरून? नॉर्वेत ८८ मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. सुमारे चार वर्षांनी पाहिले, तर त्रास उलटला होता पोट उघडलेल्या गटातल्या ३ मुलांत आणि दुर्बिणीच्या गटातल्या १६ मुलांत. (हे २०१५ साली प्रसिद्ध झाले.) आम्हांला आकड्यांइतकीच ती वाटणी महत्त्वाची वाटते. निवड सर्जनवर सोडली असती आणि जास्त आजारी मुले एकाच गटात गेली असती, तर हा फरक शस्त्रक्रियेचा की आजाराचा, हे सांगताच आले नसते.